गजबजलेली नगरे ओस का पडतात?

एखाद्या बाजारपेठेतील साठ-सत्तर वर्षांची पेढी बंद पडते, तेव्हा गावात तिची निरनिराळी कारणे सांगितली जातात. कोणी म्हणतो, समोर मोठे दुकान आले. कोणी म्हणतो, काळ बदलला, मालाला मागणी राहिली नाही. कोणी म्हणतो, मुलांना गल्ल्यावर बसण्याची आवडच नव्हती. ही कारणे खोटी नसतात. परंतु त्याच पेढीच्या जुन्या गिऱ्हाइकाला विचारले, तर तो बहुधा एवढेच सांगतो की, तिथे मला कोणी ओळखेनासे झाले. माल, भाव आणि जागा यांच्याइतकेच ओळख, पत आणि दिलेला शब्द हेही व्यापाराचे भांडवल असते, हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले जाते. हाच धडा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांना फार मोठी किंमत मोजून शिकावा लागला. त्याची ही हकिगत आहे.

येथे ज्या खेळांविषयी लिहीत आहे, ते मोबाइलवर पाच मिनिटे खेळून बाजूला ठेवायचे खेळ नव्हेत. पैसे लावून खेळायच्या जुगाराशीही त्यांचा संबंध नाही. हे एक विस्तीर्ण कल्पित जग असते. त्यात हजारो माणसे एकाच वेळी आपापल्या संगणकावरून प्रवेश करतात आणि प्रत्येक जण एक भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी वैद्य, कोणी लोहार, तर कोणी सरळ व्यापारी. आपण संगणक बंद केला तरी ते जग चालूच राहते. या प्रकाराचा आरंभ १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी केवळ शब्दांतून उभे केलेले असे एक जग तयार केले होते. पुढे १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ साली ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आले आणि हे जग चित्रांनी, ध्वनींनी व माणसांनी भरून गेले.

या जगातील श्रम आणि संपत्ती कल्पित असली, तरी तिचे मोल कल्पित नव्हते. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ साली ‘एव्हरक्वेस्ट’मधील वस्तू आणि नाणी प्रत्यक्ष डॉलरमध्ये कोणत्या भावाने विकली जातात याचा हिशेब मांडला. त्या काल्पनिक देशाचे दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान कोठेतरी बसते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तेव्हा ‘पोरांचा खेळ’ म्हणून हे प्रकरण झटकून टाकता येत नाही. जेथे माणसे श्रम करतात, देवघेव करतात आणि नाव कमावतात, तेथे बाजाराचे सगळे नियम लागू होतात.

नैसर्गिक ओहोटी

खेळाडू सोडून जाण्याची काही कारणे स्वाभाविक आहेत. परीक्षा येते, नोकरी लागते, लग्न होते. पूर्वी रात्री तीन-चार तास देणारा माणूस आता अर्धा तासही देऊ शकत नाही. शिवाय कंपनीचे कारागीर वर्षभर खपून जो नवा प्रदेश तयार करतात, तो उत्साही खेळाडू काही आठवड्यांत पालथा घालतात.

दुसरे कारण चलनाचे आहे. या खेळांत राक्षस मारला की नाणी मिळतात, आणि राक्षस कधी संपत नाहीत. म्हणजे टांकसाळ अहोरात्र चालू असते. ती नाणी परत शोषून घेण्यासाठी कर, दुरुस्तीखर्च, प्रवासभाडे अशा वाटा ठेवाव्या लागतात. त्या अपुऱ्या पडल्या की महागाई भडकते. मग जुन्यांच्या तिजोऱ्या भरलेल्या आणि नवख्याला साधी तलवारही परवडत नाही, अशी स्थिती येते. नवे गिऱ्हाईक उंबरठ्यावरूनच परतते.

तिसरे कारण संगतीचे. अशा खेळांत अवघड मोहिमा एकट्याने होत नाहीत. त्यासाठी संघ बांधावे लागतात. संघाचा कर्ता माणूस निघून गेला की त्याच्या मागोमाग आणखी दहा जण जातात, कारण ते खेळासाठी कमी आणि त्या मंडळींसाठी अधिक येत असतात. बाजारात चार दुकाने बंद झाली की पाचव्या दुकानाकडेही पाऊल वळत नाही, तसेच हे आहे.

परंतु ही ओहोटी सावकाश येते आणि शहाणा चालक तिची तरतूद करू शकतो. ज्याची तरतूद करता येत नाही, असा एक प्रकार आहे. तो म्हणजे मालकाने स्वतःच जुन्या गिऱ्हाइकाची कमाई एका रात्रीत निर्मोल करणे.

एका बाजारपेठेची कथा

२००३ सालच्या जूनमध्ये ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ हा खेळ सुरू झाला. प्रसिद्ध चित्रपटमालिकेवर आधारलेला हा खेळ सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंट या कंपनीने तयार केला होता. त्याचे वैशिष्ट्य असे की, लढाईइतकाच त्यात व्यापारालाही मान होता. तीसहून अधिक व्यवसाय त्यात होते. शस्त्रे, चिलखते, घरे यांतील बहुतेक सर्व वस्तू खेळाडूच तयार करीत. त्यासाठी लागणारी खनिजे निरनिराळ्या ग्रहांवर सापडत, प्रत्येक साठ्याची प्रत वेगळी असे, आणि काही दिवसांनी तो साठा संपून जाई. ज्याने वेळीच शोध घेऊन उत्तम खनिजाचा संचय केला, त्याचा माल सरस ठरे.

अशा कारागिराने दुकान थाटावे, तेथे विक्रेता नेमावा, मालक झोपलेला असतानाही विक्री चालू राहावी, आणि ‘अमुक दुकानातीलच बंदूक घ्यावी’ असे लोकांनी एकमेकांना सांगावे, अशी तेथील रीत होती. दूरवरच्या ओसाड जागी खेळाडूंनी स्वतःची नगरे वसवली आणि त्यांचे नगराध्यक्षही निवडले. जेडी नावाचे अद्भुत सामर्थ्याचे योद्धे व्हावे ही अनेकांची आकांक्षा असे. परंतु त्यासाठी अनेक व्यवसायांत प्रावीण्य मिळवावे लागे आणि महिनोन्‌महिने खर्ची पडत. म्हणूनच त्या पदाला प्रतिष्ठा होती.

दरम्यान २००४ च्या अखेरीस ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि त्याने लाखो गिऱ्हाइके खेचली. आपला खेळ किचकट आहे, म्हणून नवे लोक येत नाहीत, असे ‘गॅलक्सीज’च्या चालकांना वाटले. २००५ सालच्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी खेळाची मूळ रचनाच बदलून टाकली. तीसहून अधिक व्यवसायांच्या जागी नऊ राहिले. प्राणी पाळून शिकवणाऱ्यांचा व्यवसायच नाहीसा झाला. नाना प्रकारच्या कारागिरांना ‘व्यापारी’ या एकाच नावाखाली गोळा करण्यात आले. आणि जे पद मिळवण्यासाठी लोकांनी महिने घालवले होते, ते जेडीपद पहिल्याच दिवशी कोणालाही घेता येऊ लागले. कहर असा की, याच्या जेमतेम दोन आठवडे आधी कंपनीने जुन्या पद्धतीवर बेतलेला एक नवा भाग पैसे घेऊन विकला होता. ओरड झाल्यावर त्याचे पैसे परत देऊ करावे लागले.

परिणाम व्हायचा तोच झाला. जुने खेळाडू थव्याथव्याने निघून गेले. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, ते नवे खेळाडू अपेक्षेप्रमाणे आलेच नाहीत. कारागीर गेल्यावर दुकाने ओस पडली, दुकाने गेल्यावर नगरे ओस पडली. खेळ पुढे सहा वर्षे रेटला गेला आणि १५ डिसेंबर २०११ रोजी कायमचा बंद झाला. तो बदल ही चूक होती, हे कंपनीच्या तत्कालीन प्रमुखांनीही नंतर जाहीरपणे मान्य केले. त्यातील विशेष असे की, जुना खेळ जसाच्या तसा पुन्हा उभा करण्यासाठी काही हौशी लोक कोणताही मोबदला न घेता वर्षानुवर्षे खपले. त्यांना खेळ नको झाला होता असे नव्हे; त्यांचा खेळ त्यांच्याकडून काढून घेतला गेला होता.

चोरासाठी कुलूप, सावकाराला शिक्षा

दुसरे उदाहरण इंग्लंडच्या केंब्रिज नगरातील जॅगेक्स कंपनीच्या ‘रूनस्केप’चे. २००१ साली सुरू झालेल्या या खेळातील नाणी बाहेर खऱ्या पैशाला विकणाऱ्या टोळ्या निर्माण झाल्या आणि चोरीच्या कार्डांवरून त्यांची सभासदत्वे खरेदी होऊ लागली. संकट खरे होते. त्यावर कंपनीने २००७ च्या डिसेंबरपासून २००८ च्या जानेवारीपर्यंत जो उपाय योजला, तो मात्र साऱ्या बाजारावर पडला. दोन खेळाडूंमधील देवघेव ठरावीक मर्यादेत समतोलच असली पाहिजे, असा नियम आला. मित्राला मोठी भेट देणे संपले, घासाघीस संपली, अडचणीत असलेल्याला सढळ हाताने मदत करणेही संपले. भामट्यांना आवरण्यासाठी प्रामाणिक माणसाच्या शब्दाला असलेली किंमत काढून घेतली गेली. अखेर मतदान घेऊन, २०११ च्या फेब्रुवारीत खुली देवघेव पुन्हा सुरू करण्यात आली.

ओळख हरवणे याहून सूक्ष्म रीतीनेही घडते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये पूर्वी मोहिमेसाठी आपल्याच वस्तीतील सोबती शोधावे लागत. त्यात वेळ जाई, पण लुटीच्या वाटणीत लबाडी करणाऱ्याचे नाव सर्वतोमुखी होई आणि भल्या माणसाला पुन्हा बोलावणे येई. २००९ च्या डिसेंबरात आलेल्या नव्या सोयीने यंत्रच काही मिनिटांत निरनिराळ्या वस्त्यांतील अनोळखी माणसे एकत्र आणू लागले. सोय मोठी होती. परंतु जे पुन्हा कधी भेटणार नाहीत, त्यांच्याशी चांगले वागण्याचे प्रयोजन कमी झाले. २०१० च्या ऑक्टोबरात १ कोटी २० लाखांवर गेलेली या खेळाची सभासदसंख्या २०१५ पर्यंत ५५ लाखांवर आली, आणि त्यानंतर कंपनीने आकडे जाहीर करणेच थांबवले. या घसरणीची कारणे अनेक आहेत; एकट्या या सोयीला दोष देता येणार नाही. तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने खेळाची जुनी, गैरसोयीची आवृत्ती पुन्हा उघडली, तेव्हा आत जाण्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत थांबले, हे विसरता येत नाही.

गेलेले गिऱ्हाईक परत येते

वाचकहो, या कथेला दुसरी बाजूही आहे. २०१० च्या सप्टेंबरात जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने ‘फायनल फँटसी चौदा’ हा खेळ आणला आणि तो सपशेल फसला. कंपनीने सबबी सांगितल्या नाहीत. तिच्या अध्यक्षांनी जाहीर क्षमा मागितली, मासिक शुल्क घेणे थांबवले आणि नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे सोपवली. फसलेला खेळ जवळजवळ दोन वर्षे सुधारत चालू ठेवला, आतून नवा खेळ घडवला आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये तो लोकांपुढे ठेवला. जुन्या खेळाडूंची पात्रे नव्या जगात सामावून घेतली. वाईट काळात शुल्क भरून सोबत राहिलेल्यांना कायमची सवलत दिली आणि त्यांची नावे खेळाच्या श्रेयनामावलीत झळकवली. आज या प्रकारच्या खेळांत तो अग्रगण्य मानला जातो.

‘रूनस्केप’नेही धडा घेतला. २०१३ च्या फेब्रुवारीत त्यांनी २००७ सालच्या जतन केलेल्या प्रतीवरून जुना खेळ वेगळा सुरू केला आणि महत्त्वाचा प्रत्येक बदल खेळाडूंच्या मताला टाकण्याची प्रथा पाडली. आरंभी त्यासाठी ७५ टक्के अनुकूल मते लागत. आज त्या जुन्या खेळाकडे मूळ खेळापेक्षा अधिक माणसे आहेत. याचा अर्थ तेथे बदल झाले नाहीत असा नाही. पुष्कळ झाले, पण विचारून झाले.

आपल्या कितीतरी घरांत आज दुकानाची धुरा नव्या पिढीकडे जात आहे. फळ्या जाऊन काचा येतील, वह्या जाऊन संगणक येतील, आणि ते यावेतच. मात्र समोरच्या झगमगत्या दुकानाकडे पाहून आपली घडी मोडताना, तीस वर्षे आपल्याकडेच येणाऱ्या माणसाने आपल्या उंबऱ्यावर काय साठवले आहे, हे एकदा त्यालाच विचारावे. तसेच, घरातला मुलगा एखाद्या दिवशी आपला खेळ बदलला म्हणून खिन्न होऊन बसला, तर त्याला हसण्याआधी जवळ बोलवावे. कदाचित आयुष्यात प्रथमच त्याची पत कोणीतरी एका रात्रीत बुडवलेली असेल. ते दुःख कसले असते, हे व्यापाऱ्याच्या घरात समजले नाही, तर मग कोठे समजणार?