खरेदीची विद्या तालुक्याच्या उंबरठ्यावर

विक्रेत्याचे कौशल्य समाजाला चटकन दिसते. खरेदीदाराचे कौशल्य मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वस्तू चांगली निघाली तर श्रेय कारागिराला मिळते, वाईट निघाली तर बोल खरेदी करणाऱ्याला लागतो. वस्तुतः शासन, कारखाने, शाळा, रुग्णालये आणि सहकारी संस्था यांचा जो पैसा दरवर्षी खर्च होतो, त्याचा फार मोठा भाग खरेदीवरच जातो. हा पैसा खर्च करणाऱ्यास काही विशेष शिक्षण लागते, त्याच्या कामाला काही नीतिनियम असावे लागतात, हा विचार आपल्याकडे फार उशिरा रुजला. आणि जो रुजला तो शहराच्या वेशीपाशीच थबकला. नागपूर जिल्ह्यातील पारशिवनीसारख्या तालुक्याच्या दृष्टीने या प्रश्नाकडे पाहिले म्हणजे त्याचे गांभीर्य ध्यानात येते.

खरेदी हा स्वतंत्र व्यवसाय आहे, ही जाणीव प्रथम औद्योगिक देशांत झाली. अमेरिकेत १९१५ साली खरेदी अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इंग्लंडमध्ये १९३२ साली तशीच संस्था उभी राहिली व पुढे १९९२ मध्ये तिला राजसनद मिळाली. वैद्य, वकील, अभियंते यांच्याप्रमाणे आपल्यालाही परीक्षा असावी, आचारसंहिता असावी आणि पुरवठादाराच्या आमिषापासून सभासदाला दूर ठेवणारे व्यावसायिक बंधन असावे, ही या संघटनांची भूमिका होती. हिंदुस्थानची स्थिती त्या वेळी निराळी होती. येथील सरकारला लागणारे सामान प्रामुख्याने लंडनच्या इंडिया ऑफिसमार्फत विकत घेतले जाई. १ जानेवारी १९२२ रोजी ‘इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट’ सुरू झाले, तेव्हा कोठे या देशाची खरेदी या देशात बसून करण्यास व्यवस्थित प्रारंभ झाला. स्वदेशी मालाला सरकारी गिऱ्हाईक मिळावे ही मागणी त्यामागे होती. खरेदी कोणाकडून करावी हा प्रश्न किती राजकीय असतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

स्वातंत्र्यानंतर सार्वजनिक क्षेत्रातील मोठे उद्योग उभे राहिले आणि खरेदी अधिकाऱ्याचे काम पालटले. परकीय चलनाची टंचाई होती, सुट्या भागांसाठी आयात परवाने लागत, माल वेळेवर मिळेल याची शाश्वती नसे. साहजिकच कारखान्यांची भांडारे गरजेपेक्षा अधिक सामानाने भरू लागली आणि त्यात भांडवल अडकून पडू लागले. अशा काळात, १९७० च्या दशकात, ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट’ ही खरेदी व भांडार क्षेत्रातील व्यावसायिकांची राष्ट्रीय संस्था आकाराला आली. तिचे मुख्यालय नवी मुंबईत असून तिच्या शाखा देशभर पसरलेल्या आहेत. नोकरी सांभाळून शिकता येतील असे पदविका अभ्यासक्रम हे तिच्या कार्याचे प्रमुख अंग आहे.

या संस्थेची एक शाखा नागपुरात असावी, यात नवल नाही. १ मे १९७३ रोजी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये ‘कोल इंडिया’ची उपकंपनी म्हणून ‘वेस्टर्न कोलफिल्ड्स’चे मुख्यालय नागपुरात आले. कोराडीचे औष्णिक वीज केंद्र १९७४ पासून वीज देऊ लागले. अंबाझरीचा आयुध कारखाना, रेल्वेची कार्यालये, हिंगणा व बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहती, या साऱ्यांच्या भांडारांत हजारो प्रकारच्या वस्तू असतात. त्यांपैकी मूठभर वस्तूंवरच बहुतांश पैसा खर्च होतो; म्हणून त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे व खिळे-मोळ्यांसाठी कागदी घोडे नाचवू नयेत, हा या शास्त्राचा पहिला धडा. सर्वांत कमी किंमत म्हणजे सर्वांत स्वस्त वस्तू नव्हे, हा दुसरा. आणि माल स्वीकारण्यापूर्वी तपासणारा मनुष्य माल मागविणाऱ्याहून वेगळा असावा, हा तिसरा.

पारशिवनी तालुका या औद्योगिक पट्ट्याला लागूनच आहे. कन्हान परिसर याच तालुक्यात मोडतो. गोंडेगाव व इंदर येथील कोळसा खाणी याच भागातल्या. पेंच नदीवरील नवेगाव खैरी येथून नागपूरकरांची तहान भागते. म्हणजे कोळसा आणि पाणी तालुक्यातून शहराकडे जाते. खरेदीची विद्या मात्र शहराकडून तालुक्याकडे त्याच वेगाने आलेली नाही. खाणीच्या भांडारातील अधिकाऱ्याला व्यावसायिक संस्थेचे दार उघडे असते. त्याच तालुक्यातील शाळेचा मुख्याध्यापक, पंचायत समितीतील लिपिक, सहकारी संस्थेचा व्यवस्थापक किंवा धान खरेदी केंद्रावरचा कर्मचारी हाही खरेदीदारच आहे. पण त्याला खरेदीदार म्हणून कोणी ओळखत नाही आणि तसे शिक्षणही देत नाही.

या उपेक्षेची किंमत विदर्भाने एकदा मोजलेली आहे. शेतमालाच्या खरेदीला शिस्त लावण्याचा प्रयत्न या प्रदेशाला नवा नव्हता. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्येच कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला होता आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याच्या हत्ता पद्धतीत ज्याच्या मालाचा सौदा होई त्या शेतकऱ्यालाच भाव कळत नसे. उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तो यासाठीच. पुढे महाराष्ट्राने १९७१ चा कायदा करून १९७२-७३ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना अमलात आणली. राज्यातील शेतकऱ्याचा कापूस एकट्या शासकीय यंत्रणेनेच घ्यावयाचा, हा जगावेगळा म्हणावा असा प्रयोग होता. १९८४ मध्ये त्यासाठी कापूस उत्पादकांचा स्वतंत्र पणन महासंघ स्थापन झाला.

या योजनेच्या अर्थकारणावर विपुल लिहिले गेले आहे. हमी भाव, अंतिम भाव, शेतकऱ्यांच्या रकमेतून होणारी कपात, वाढत गेलेली तूट, राज्याच्या सीमेवरून आत-बाहेर होणारी कापसाची चोरटी वाहतूक, यांची चर्चा विधिमंडळात व वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे झाली. परंतु योजनेचे यशापयश जेथे रोज ठरत होते ती जागा मंत्रालयात नव्हती. ती संकलन केंद्रावर, बैलगाडीपाशी होती. ग्रेडर कापसाची मूठ हातात घेई, धाग्याची लांबी, रंग, ओलावा व कचरा पाही आणि प्रत ठरवी. त्या काही क्षणांच्या निर्णयावर एका कुटुंबाच्या वर्षभराच्या श्रमाचे मोल अवलंबून असे. असा निर्णय देणाऱ्याला यंत्रांचे पुरेसे साहाय्य हवे होते, निर्णयावर अपील ऐकणारी तटस्थ व्यवस्था हवी होती, आणि दबावाला बळी न पडण्यासाठी व्यवसायाची प्रतिष्ठाही हवी होती. ग्रेडरला पद मिळाले, ही प्रतिष्ठा मिळाली नाही. प्रतवारीवरचा अविश्वास आणि रखडलेले चुकारे यांनी शेतकऱ्याचे मन योजनेपासून दूर नेले. २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना कापूस खरेदीची मोकळीक मिळाली आणि एकाधिकार संपुष्टात आला. भावाची हमी कायद्याने देता येते, मापाचा विश्वास मात्र काट्यावरच्या माणसालाच मिळवावा लागतो, हा त्या तीन दशकांचा बोध आहे.

तो बोध जुना झालेला नाही. आधारभूत किमतीने घेतल्या जाणाऱ्या धानात १७ टक्क्यांपर्यंत आणि कापसात साधारण ८ ते १२ टक्के ओलावा चालतो. हे आकडे कागदावर निर्विवाद असले तरी ओलावा मापणारे यंत्र बरोबर आहे की नाही, हे शेतकऱ्याला समजावून सांगणारा जाणकार केंद्रावर नसेल, तर आकड्यांचा उपयोग वाद वाढविण्यापुरताच होतो.

शाळेच्या खरेदीतही हेच दिसते. तीन दरपत्रके मागवावीत, तुलनात्मक तक्ता करावा आणि सर्वांत कमी दर स्वीकारावा, एवढीच रीत बहुतेकांना ठाऊक असते. समजा, एक बाक ३,००० रुपयांना मिळतो व तीन वर्षे टिकतो. दुसरा ४,५०० रुपयांचा असून नऊ वर्षे टिकतो. पहिल्याचा वार्षिक खर्च १,००० रुपये, दुसऱ्याचा ५०० रुपये. हे त्रैराशिक सातवीतला विद्यार्थीही सोडवील. परंतु मागणीपत्रात लाकडाची जाडी, सांध्यांची मजबुती, टिकाऊपणाची हमी यांचा उल्लेख कसा करावा हे न शिकलेला लिपिक पहिला बाक घेण्यास बांधला जातो. लेखापरीक्षणाच्या धास्तीने तो नियमांचे पालन करतो आणि नियमांचे पालन करूनच संस्थेचे नुकसान करतो. दोष त्याच्या सचोटीचा नाही, शिक्षणाच्या अभावाचा आहे.

नवी साधने आली म्हणून हा अभाव भरून निघत नाही. १९२२ च्या विभागाचा वारसा चालविणारे केंद्रीय पुरवठा महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. तत्पूर्वी ऑगस्ट २०१६ मध्ये शासकीय खरेदीसाठी ‘जेम’ ही संगणकीय बाजारपेठ सुरू झाली होती. महाराष्ट्राच्या उद्योग विभागानेही १ डिसेंबर २०१६ रोजी कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका लागू केली. केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीचा २५ टक्के भाग सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यावा, असे धोरण २०१८ पासून आहे. कन्हानच्या एखाद्या लहान कारखानदाराला शेजारच्या खाणीला माल पुरविता यावा, अशी ही तरतूद आहे. तथापि निविदा कशी वाचावी हे विक्रेत्याला आणि ती कशी लिहावी हे खरेदीदाराला कळत नसेल, तर संगणकाच्या पडद्यावरही जुनीच अडाणी खरेदी नव्या वेगाने होत राहील.

यासाठी नव्या महामंडळाची वा मोठ्या अनुदानाची गरज नाही. व्यावसायिक संस्थांच्या नागपूरसारख्या शाखांनी वर्षातून काही दिवस तालुक्याच्या ठिकाणी वर्ग भरवावेत. जिल्हा परिषदेने मुख्याध्यापक व लिपिकांना तेथे कर्तव्यावर समजून पाठवावे. खाणी व वीज केंद्रांतील निवृत्त भांडार अधिकाऱ्यांनी आपला अनुभव तेथे उपलब्ध करून द्यावा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला जमाखर्चाबरोबर खरेदीची आचारसंहिताही शिकविली जावी. खरेदी केंद्रावरील वजन, ओलावा व प्रत यांविषयीची तक्रार त्याच दिवशी ऐकणारा प्रशिक्षित, तटस्थ अधिकारी नेमला जावा.

लोकशाहीत सार्वजनिक पैशाचा हिशेब संसदेत व विधिमंडळात मागितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण तो पैसा प्रत्यक्षात खर्च होतो शाळेच्या कपाटापाशी, दवाखान्याच्या औषधखोलीत आणि धानाच्या काट्यावर. तेथे बसलेल्या माणसाला विद्येचे बळ आणि व्यवसायाचा मान मिळाला, तर लेखापरीक्षकाच्या लाल शाईला पुढे फारसे काम उरणार नाही.