थंडीतल्या माश्या आणि शेतातले औषध

पावसाळ्यात माश्या होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पौषातही घरात माश्या का, असे पुष्कळ जण विचारतात. थंडीने माशी नाहीशी होत नाही, नुसती मंदावते. सकाळी ती उन्हाच्या भिंतीवर बसते, दुपारी स्वयंपाकघरात फिरते आणि दिवेलागणीनंतर छताला, वायरीला किंवा वाळणीच्या दोरीला चिकटून रात्र काढते. त्या सुस्त अवस्थेत तिला मारणे सर्वात सोपे.

माशीला दात नाहीत. गुळाच्या खड्यावर ती आधी लाळ व पोटातला द्रव सोडते आणि विरघळलेला गूळ चोखते. त्याआधी ती विष्ठेवर बसलेली असेल, तर हगवण, विषमज्वर यांचे जंतू त्या गुळावर उतरतात.

ही वैतागवाणी माशी घालवण्यासाठी काही मंडळी कपाशीवर मारून उरलेले औषध पंपाने घरात फवारतात. हे मात्र कृपा करून करू नका! यातली बरीच औषधे ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची असतात. ती श्वासातून जातात, तशी कातडीतूनही शरीरात शिरतात आणि रांगणारे मूल तर त्याच फरशीवर खेळत असते. तोंडाला लाळ, दरदरून घाम, उलट्या, धाप, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अशी लक्षणे दिसली की कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि रुग्णालय गाठावे. धुणाऱ्याने हातात प्लॅस्टिकची पिशवी घालावी. उलटी मुद्दाम काढू नये. औषधाची बाटली सोबत न्यावी. तिच्यावरचे नाव वाचून डॉक्टरांचा वेळ वाचतो. फवारणीने माशीही फार दिवस हटत नाही. डी.डी.टी.ला न जुमानणाऱ्या माश्या १९४० च्या दशकातच आढळल्या होत्या.

खरे ठाणे आहे परसातला उकिरडा. कुजत्या शेणात कडाक्याच्या थंडीतही ऊब असते. मादी तिथे एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी घालते. उन्हाळ्यात ८-१० दिवसांत नवी माशी तयार होते, थंडीत अधिक दिवस लागतात, इतकाच फरक. म्हणून उकिरडा घरापासून लांब हलवा. ढीग घट्ट दाबून प्लॅस्टिकच्या कागदाने झाका. आतल्या उष्णतेने अळ्या मरतात. काही अळ्या कडेच्या कोरड्या मातीत जाऊन कोष करतात, तेव्हा ती कडही आठवड्याला खरवडून ढिगाच्या पोटात घाला. गोठ्यातले शेण मात्र रोजच्या रोज उचलायला हवे.