लॉक बदलण्याआधी बिजागरी तपासा

दुहेरी काचेची यूपीव्हीसी खिडकी लागेनाशी झाली की आपण थेट नवं लॉक आणतो. दोष मात्र अनेकदा बिजागरीत असतो. दोन काचांच्या वजनाने झडप दोन-तीन मिलिमीटर उतरली, तरी लॉक खाचेसमोर येत नाही. मग जोर लावला की हँडल तुटतं. झडप उघडी ठेवून हँडल फिरवून पाहा: सहज फिरलं, तर लॉक शाबूत आहे. बिजागरीला सोय असेल, तर अ‍ॅलन कीने झडप वर घ्या.

नवं लॉक स्वस्त आहे, हे खरं. पण झडप तिरकीच राहिली तर तेही झिजेल. नुसतं तेल सोडूनही भागत नाही. धाराशिवच्या कोरड्या उन्हाळ्यात धूळ त्याला चिकटते. किल्लीच्या भोकात ग्रॅफाइटची पूडच बरी.