परक्या पेशीत (भाग ९) : पी-५३वर नोटीस कोणी चिकटवली?

गेल्या आठवड्यात इन्फ्लुएंझाचा विषाणू पेशीत कसा शिरतो ते पाहिलं. शिरकाव झाला की विषाणूची प्रथिनं पेशीतल्या कोणाकोणाला जाऊन धरतात, यावर पुढचं सगळं ठरतं. ते समजून घ्यायला ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, याच्याइतका चांगला गुरू मला दुसरा दिसत नाही. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ प्रत्येक कर्करोगामागे याच्याच काही जाती असतात. जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी हे म्हणायला सुरुवात केली तेव्हा बहुतेक संशोधकांचा संशय नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूवर होता. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने कर्करोगाच्या गाठीतून एचपीव्ही-१६ शोधून काढला. नोबेल मिळायला मात्र २००८ उजाडलं.

या विषाणूचा संसार अगदीच आटोपशीर. सुमारे ८,००० बेसजोड्यांचं वर्तुळाकार डीएनए आणि त्यावर जेमतेम आठ-नऊ जनुकं. आपल्या गुणसूत्रांच्या एका संचात सुमारे तीनशे कोटी बेसजोड्या असतात, हे लक्षात घेतलं म्हणजे याची गरिबी कळते. स्वतःच्या डीएनएची नक्कल करणारं मुख्य विकर, डीएनए पॉलिमरेज, तेसुद्धा याच्याकडे नाही. ते यजमान पेशीचंच वापरायचं.

इथे त्याची खरी पंचाईत होते. गर्भाशयमुखाच्या अस्तरात पेशींचे थर असतात. विभाजन होतं ते फक्त तळाच्या थरात. तिथून पेशी वर सरकत जातात, चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. वर निघालेल्या पेशीने विभाजन थांबवलेलं असतं, त्यामुळे डीएनएची नक्कल करणारी तिची सगळी यंत्रणाही बंद झालेली असते. एचपीव्ही बारीकशा ओरखड्यातून तळाच्या थरात पोचतो, पण नवे विषाणूकण तयार करतो ते वरच्या थरांत, म्हणजे ते गळणाऱ्या पेशींबरोबर आपसूक बाहेर पडतात. थोडक्यात, यंत्रणा जिथे बंद असते नेमकी तिथेच त्याला तिची गरज लागते.

ती पुन्हा चालू करण्याचं काम ई-७ नावाचं प्रथिन करतं. एचपीव्ही-१६मध्ये त्याची लांबी अवघी ९८ अमिनो आम्लं. पेशीत आरबी नावाचं एक मोठं प्रथिन असतं. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगावरून त्याला हे नाव पडलं. विभाजन नको असतं तेव्हा आरबी ई-२एफ या प्रथिनाला धरून ठेवतं, कारण ई-२एफ मोकळं सुटलं की डीएनएच्या नकलेसाठी लागणारी जनुकं जागी होतात. ई-७ आरबीला जाऊन चिकटतं, ई-२एफ सुटतं आणि जिने निवृत्ती घेतली होती ती पेशी पुन्हा कामाला लागते. आरबीला पकडण्यासाठी ई-७मध्ये अमिनो आम्लांचा एक छोटासा क्रम असतो. तसाच क्रम अॅडिनोव्हायरसच्या आणि माकडांमधल्या एसव्ही-४० या विषाणूच्या प्रथिनातही सापडतो. हे तिन्ही विषाणू वेगवेगळ्या कुळांतले. तिघांची अडचण एक आणि तिघांनी हात घातला तोही एकाच जागी. आरबीचं पेशीतलं महत्त्व ठसायला १९८८-८९मधल्या याच शोधांची मोठी मदत झाली. विषाणू पेशीत जिथे बोट ठेवतो ती जागा सहसा महत्त्वाची निघते, हा जीवशास्त्रज्ञांचा जुना अनुभव आहे.

पण असं अवेळी विभाजन सुरू झालं तर पेशीला ते कळत नाही असं नाही. त्यासाठी पी-५३ असतं. काही विपरीत घडतंय असं दिसलं की पी-५३ची पातळी वाढते, विभाजन थांबतं, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं असेल तर पेशी स्वतःला संपवते. हे प्रथिन १९७९ मध्ये सापडलं तेही एका विषाणूमुळेच. एसव्ही-४०च्या प्रथिनाला चिकटून ते प्रयोगात सारखं बरोबर येत होतं, म्हणून संशोधकांची नजर त्यावर गेली. ई-७ने पेशी जागी केली आणि पी-५३ जागेवर असलं, तर पेशी मरेल आणि विषाणूचा सगळा डाव फसेल. म्हणून दुसरं प्रथिन लागतं : ई-६.

ई-६ची लांबी साधारण १५० अमिनो आम्लं. ते स्वतः काहीच कापत नाही, मोडत नाही. पेशीत नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण लागते. खूण लागलेलं प्रथिन प्रोटिएसोम या यंत्रणेत जाऊन तुकडे तुकडे होतं. धोकादायक इमारतीवर महापालिका पाडकामाची नोटीस चिकटवते, तसाच हा प्रकार. नोटीस लावणारे विभाग पेशीत शेकडो असतात आणि कोणी कोणत्या इमारतीवर लावायची हे ठरलेलं असतं. त्यातल्या ई-६-एपी नावाच्या विकराचा पी-५३शी एरवी काही संबंध नसतो. ई-६ त्याला हाताशी धरतं, मग दोघं मिळून पी-५३ला गाठतात आणि भक्कम इमारतीवर नोटीस लागते. पुढचं पाडकाम पेशी स्वतःच्या माणसांकडून, स्वतःच्या खर्चाने करून देते.

निरोगी पेशीतही पी-५३ फार काळ टिकत नाही. एमडीएम-२ नावाचं विकर त्याला सतत काढून टाकत असतं. फरक असा की डीएनएला इजा झाली की एमडीएम-२ची पकड सुटते आणि पी-५३ साठू लागतं. ई-६ची पकड मात्र अशा वेळीही सुटत नाही. एचपीव्हीच्या सौम्य जाती, म्हणजे चामखिळी उठवणाऱ्या ६ आणि ११, यांच्याकडेही ई-६ असतं, पण ते पी-५३चा असा नाश करत नाही. एकीकडे चामखीळ आणि दुसरीकडे कर्करोग, यामागचं एक कारण एका प्रथिनाच्या पकडीतला एवढासा फरक आहे.

जाता जाता एक गोष्ट. ई-६-एपीचा शोध एचपीव्हीच्या मागावर असताना लागला. याच्या जनुकाची आईकडून आलेली प्रत बिघडली तर मुलाला अँजेलमन सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा विकार होतो, हे १९९७ मध्ये कळलं. गर्भाशयमुखाच्या आजाराचा अभ्यास करणाऱ्यांनी नाव दिलेलं प्रथिन बालमेंदूतज्ज्ञांच्या कामाचं निघालं.

आता एक प्रश्न उरतो : यात विषाणूचा फायदा काय? कर्करोगातून त्याला काहीच मिळत नाही. बहुतेक संसर्ग तर एक-दोन वर्षांत प्रतिकारशक्तीच निपटून काढते. क्वचित तो वर्षानुवर्षं टिकतो आणि त्या काळात विषाणूचं वर्तुळ तुटून आपल्या गुणसूत्रात जाऊन बसतं. ते बहुधा विषाणूच्याच ई-२ या जनुकापाशी (वरचं ई-२एफ वेगळं) तुटतं, आणि ई-२चं एक काम असतं ते म्हणजे ई-६ व ई-७ला आवरून धरणं. ते गेलं की ही दोघं मोकाट सुटतात. पण अशा तुटक्या डीएनएपासून नवे विषाणूकण तयार होऊ शकत नाहीत. ती पेशी विषाणूसाठी बंद गल्ली ठरते आणि रुग्णासाठी, दहा-वीस वर्षांनी, कर्करोग.

याचा सर्वात बोलका पुरावा हीला पेशींनी दिला. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यांच्यात एचपीव्ही-१८चं डीएनए आहे. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३चं जनुक बिघडलेलं असतं, हीलात मात्र ते शाबूत आहे. प्रथिन तयार होतं आणि लगेच मोडलं जातं, एवढंच. प्रयोगात या पेशींना ई-२ परत दिलं, तेव्हा ई-६ आणि ई-७ थांबली, पी-५३ व आरबी पुन्हा कामावर हजर झाली आणि अर्धशतक अखंड वाढत आलेल्या पेशींनी विभाजन थांबवलं. म्हणजे एवढ्या वर्षांनंतरही त्या पेशी या दोन प्रथिनांच्याच जोरावर तगून होत्या.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जानेवारी २०२३ मध्ये आणलेली सर्वाव्हॅक ही लस ६, ११, १६ आणि १८ या जातींविरुद्ध आहे. तिच्यात ई-६ नाही, ई-७ही नाही. आहे ते विषाणूच्या कवचाचं एल-१ प्रथिन. त्याविरुद्ध बनलेली प्रतिपिंडं विषाणूला पेशीबाहेरच गाठतात. तळाच्या थरात दडून बसलेल्या संसर्गग्रस्त पेशीत विषाणूचं हे कवच नसतं, म्हणून झालेला संसर्ग लस हटवू शकत नाही. ती ९ ते १४ वर्षांच्या मुलींना द्यावी हा आग्रह त्यासाठीच. मोठ्या वयाच्या स्त्रियांसाठी तपासणी हवी. ती किती उपयोगी पडते याचा जगाने मानलेला पुरावा आपल्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातला आहे. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या अभ्यासात, एचपीव्हीची एकच चाचणी ज्या गटाला देऊ केली त्यात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. गावोगावी ही चाचणी अजून सहज मिळत नाही, याचं कारण विज्ञानात शोधू नये.

पुढच्या आठवड्यात एचआयव्हीचं व्हिफ. हा विषाणू एचपीव्हीचा दूरचाही नातेवाईक नाही आणि त्याचा शत्रू पी-५३ नव्हे, तर विषाणूच्या जनुकांत चुका घुसवणारं अॅपोबेक-३जी हे प्रथिन. पण व्हिफही पेशीचाच एक विभाग हाताशी धरतं आणि युबिक्विटिनची तीच नोटीस लावायला लावतं.