मोरोक्को: चित्रातला आणि नकाशातला

चौदाव्या शतकात मोरोक्कोतल्या टँजियरचा एक माणूस नंदुरबारला येऊन गेला. इब्न बतूता त्याचं नाव, जन्म १३०४चा. दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या राज्यात तो काझी होता. सुलतानाचा दूत म्हणून चीनला निघाला, तेव्हा दौलताबाद आणि नंदुरबार करत पश्चिम किनाऱ्याला उतरला. पुढे मायदेशी परतल्यावर त्याने सगळा प्रवास सांगून लिहून घेतला. त्यात इथल्या मराठ्यांची नोंद आहे: कारागिरीत तरबेज, वैद्यकी आणि ज्योतिष जाणणारे, जेवण भात-भाजीचं, तेल तिळाचं आणि जेवणाआधी अंघोळीबाबत काटेकोर. परक्या मुलखातल्या माणसांच्या ताटात काय आहे हे त्याने थांबून पाहिलं होतं.

आज मराठी माणसं त्याच्या देशाला सहलीसाठी निघतात, तेव्हा डोळ्यांपुढे तीनच चित्रं असतात: उंटांची रांग, वाळूच्या टेकड्या आणि निळ्या रंगाची गल्ली. तिन्ही खरी आहेत. पण तेवढ्यावर सहल आखली की दिवस चुकतात, कपडे चुकतात, कधी कधी व्हिसाही चुकतो. म्हणून जाण्याआधी नेहमीच्या काही समजुती तपासून घेऊ.

‘मोरोक्को म्हणजे वाळवंट’

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच. मोरोक्कोच्या मधोमध ॲटलस पर्वताच्या रांगा आहेत. त्यातलं तुबकाल हे शिखर ४,१६७ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपट उंच. हिवाळ्यात या डोंगरांवर बर्फ पडतं आणि मराकेशच्या गच्च्यांवरून ते दिसतं. शहरापासून दोनेक तासांवर उकाइमेदन नावाचं स्कीइंगचं ठिकाण आहे. इफ्रान या डोंगराळ गावात १९३५ साली उणे २३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि आफ्रिका खंडातला थंडीचा विक्रम म्हणून आजही तेच सांगितलं जातं.

सहारा आहे, पण तो ॲटलसच्या पलीकडे. मर्झुगा गावाजवळच्या वाळूच्या उंच टेकड्या, ज्यांना एर्ग शेब्बी म्हणतात, त्या मराकेशपासून साधारण ५६० किलोमीटर दूर आहेत. नकाशावर मुंबई-गोव्याएवढं अंतर वाटतं. पण वाटेत २,२६० मीटर उंचीचा तिझी-न-तिश्का घाट आहे आणि वळणं संपता संपत नाहीत. नऊ-दहा तास सहज जातात. ‘मराकेशहून दोन दिवसांत सहारा’ असं कोणी विकत असेल, तर ते नेमकं कुठे नेणार आहेत हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर झागोरा येतं, जिथल्या टेकड्या लहान आहेत. ‘एका संध्याकाळीत वाळवंट’ असेल तर ते अगाफे. हे शहराजवळचं दगडाळ, उघडंबोडकं पठार आहे. सूर्यास्ताला देखणं दिसतं, पण वाळू तिथे नाही. मर्झुगा करायचं तर तीन दिवस द्यावेत, आणि परत मराकेशला न येता तिथून फेज शहराकडे निघावं. तेवढाच एक उलटा प्रवास वाचतो.

कपड्यांचंही तसंच. जानेवारीत वाळवंटातली रात्र शून्याजवळ जाते. जुन्या शहरांत आपण ज्या घरांत उतरतो, त्यांना रियाद म्हणतात. मधे उघडं अंगण आणि भोवती खोल्या अशी ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत, म्हणजे आपल्या चौसोपी वाड्यासारखी. थंडीत ती गारठतात. आफ्रिका म्हणून सुती कपडेच नेणारी माणसं तिथे रजईत बसून राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र मराकेशचा पारा चाळिशी ओलांडतो. मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दिवस सुखाचे.

‘सगळे अरब, सगळीकडे अरबी’

देशाच्या राज्यघटनेने २०११ मध्ये अरबीबरोबर अमाझिग भाषेलाही अधिकृत दर्जा दिला. सरकारी इमारतींवर अरबी आणि फ्रेंचच्या सोबत एक वेगळीच, वर्तुळं आणि रेघांची लिपी दिसते. ती तिफिनाघ. अमाझिग हे इथले मूळ रहिवासी. इंग्रजी पुस्तकांतून आपण उचललेला ‘बर्बर’ हा शब्द बाहेरच्यांनी दिलेला आहे आणि त्याचं मूळ ‘रानटी’ या अर्थाच्या शब्दापाशी जातं. त्यांच्यातल्या अनेकांना तो आवडत नाही. ‘अमाझिग’ म्हणालात तर समोरचा चेहरा खुलतो.

रस्त्यावर चालते ती दारिजा. दुबईत वर्षानुवर्षं राहिलेल्या आपल्या माणसालाही ती पटकन उमगत नाही, कारण तिच्यात अमाझिग, फ्रेंच आणि स्पॅनिश मिसळलेली आहे. कार्यालयं, दवाखाने, मेनूकार्ड यांत फ्रेंच चालते. पर्यटनाच्या जागांबाहेर इंग्रजीवर फार भिस्त ठेवू नये. दोन-चार शब्द मात्र मराठी माणसाला फुकटात मिळतात. जेवण झाल्यावर बिल मागायचं तर ‘लहसाब’ म्हणतात, म्हणजे आपला हिशेब. अंगाला लावतात तो काळा ‘साबून’ म्हणजे आपला साबण. आणि चिकटलेल्या विक्रेत्याला शांतपणे ‘ला, शुक्रन’ म्हटलं की पुरतं.

‘शाकाहारी माणसाचे हाल, आणि जेवण झणझणीत’

दोन्ही चूक. मोरोक्कन स्वयंपाकात जिरं, आलं, दालचिनी, केशर भरपूर, पण तिखट जवळजवळ नाही. हरिसा नावाची लाल मिरचीची चटणी मुळात ट्युनिशियाची. तिखटाची सवय असलेल्यांनी घरची चटणी न्यावी.

शाकाहाराची अडचण आहे ती दिसत नाही तिथे. भाज्यांचं ताजीन, म्हणजे मंद शिजवलेलं कालवण, मागवलं तर वर गाजर-बटाटा असतो, पण रस मांसाचा असू शकतो. शुक्रवारी घरोघरी शिजणारा रव्याच्या दाण्यांचा कुसकुस बहुधा मांसाच्या रस्स्याच्या वाफेवरच शिजतो. रमजानमध्ये उपास सोडताना घेतात त्या हरिरा सुपातही बहुधा मांसाचे तुकडे असतात. म्हणून ‘बिला लहम’, म्हणजे मांसाशिवाय, हे सांगायचं, आणि रस्साही तसाच हवा हे वेगळं सांगायचं.

पण खाऊन पाहावं असं खूप आहे. झालूक म्हणजे वांगं, टोमॅटो, लसूण आणि जिऱ्याचं मिश्रण. आपल्या भरताची चव ओळखू येते, फक्त फोडणीच्या तेलाऐवजी ऑलिव्ह तेल. बिसारा हे बाकल्याच्या वाळवलेल्या दाण्यांचं घट्ट सूप. थंडीच्या सकाळी कामगार माणसं ते भाकरीसारख्या जाड ‘खोब्झ’बरोबर खातात, वर जिऱ्याची पूड भुरभुरवून. मसेमन ही तव्यावरची चौकोनी घडीची पोळी, मधाबरोबर. बदाम, मध आणि अर्गान तेल वाटून केलेलं अमलू तर डब्यात भरून घरी आणावं असं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र कठीण जाईल. त्यांनी स्वयंपाकाची सोय असलेल्या खोलीतच मुक्काम करावा.

चहा पुदिन्याचा, गोड आणि उंचावरून ओतलेला. पाहुण्याला तो देणं हा इथला मान आहे. घरी बोलावलं तर घाईने उठू नये.

‘तिथल्या मशिदी बघायच्या’

हा विचार घेऊन गेलेल्यांची निराशा होते. मोरोक्कोत मुस्लिमेतरांना मशिदीत प्रवेश नाही. मराकेशची प्रसिद्ध कुतुबिया बाहेरूनच पाहायची. मोठा अपवाद कासाब्लांकाच्या हसन दुसरा मशिदीचा. ती १९९३ मध्ये पूर्ण झाली. समुद्राच्या कडेवर उभी आहे, मिनार दोनशे मीटरच्या घरातला, आणि ठरावीक वेळांना मार्गदर्शकाबरोबर सगळ्यांना आत जाता येतं. कोरीव लाकूड आणि रंगीत फरशांचं काम पाहायचं तर जुने मदरसे सर्वांना खुले आहेत: मराकेशचा बेन युसुफ, फेजचा बू इनानिया. फेजमध्येच ८५९ साली फातिमा अल-फिहरी या स्त्रीने स्थापन केल्याचं मानलं जाणारं अल-करावियीन आहे. ते मशीद म्हणून सुरू झालं आणि विद्यापीठ म्हणून वाढलं. आपल्याला दारातून डोकावता येतं, तेवढंही पुष्कळ आहे.

‘बायकांना डोकं झाकावं लागतं’

नाही. कायद्याने तशी सक्ती नाही. एकाच बाकावर डोकं झाकलेली आई आणि मोकळ्या केसांची मुलगी दिसतात. जुन्या शहरात आणि खेड्यांत खांदे-गुडघे झाकलेले असावेत, हे स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. गर्दीत शेरेबाजी होते, हे लपवण्यात अर्थ नाही. एकट्या जाणाऱ्या बाईने रात्री मेदिनाच्या, म्हणजे जुन्या शहराच्या, निर्मनुष्य गल्ल्या टाळाव्यात आणि मुक्कामाच्या घरातल्या माणसाला न्यायला बोलवावं. समलैंगिक संबंध इथे कायद्याने गुन्हा आहेत, हेही माहीत असावं.

कायद्याचंच आणखी थोडं. निळ्या शेफशाउएन गावात कोणी हशिश पुढे करून ‘आता कायदेशीर आहे’ म्हणेल. २०२१चा कायदा औषधी आणि औद्योगिक वापरापुरता, ठरावीक प्रांतांतल्या लागवडीसाठी आहे. प्रवाशाला तुरुंगच. ड्रोनही घरीच ठेवा; परवानगीशिवाय आणलेला ड्रोन विमानतळावरच जप्त होतो.

‘अरब देश, म्हणजे तेलाचा पैसा’

मोरोक्कोत तेल जवळजवळ नाहीच, ते बाहेरून आणावं लागतं. त्यांचं धन फॉस्फेट आहे. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के तिथल्या जमिनीत असल्याचं मानलं जातं. तिथला फॉस्फेटचा दगड आणि फॉस्फरिक आम्ल आपल्या खतात येतं. गोव्यातला झुआरीनगरचा खत कारखाना २०२२ पासून ज्या पारादीप फॉस्फेट्स कंपनीकडे आहे, तिच्यात मोरोक्कोच्या सरकारी फॉस्फेट कंपनीची भागीदारी आहे.

‘भूकंपात मराकेश संपलं’

८ सप्टेंबर २०२३च्या रात्री ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जवळजवळ तीन हजार माणसं गेली. पण सर्वाधिक हानी मराकेशची नव्हे, डोंगरातल्या मातीच्या घरांच्या खेड्यांची झाली. शहर काही दिवसांत चालू झालं. खेड्यांना उभं राहायला वर्षं लागतात. तिथल्या अनेक घरांची चूल गिर्यारोहकांच्या वाटाड्यांच्या आणि खेचरवाल्यांच्या कमाईवर चालते. ॲटलसची वाट भीतीपोटी वगळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पैसा, गाड्या, कागद

तिथलं चलन दिरहम देशाबाहेर सहसा मिळत नाही, आणि २,००० दिरहमपेक्षा जास्त आत-बाहेर नेता येत नाहीत. युरो नेऊन तिथे बदलावेत. जुन्या शहरांत रोखीशिवाय चालत नाही. निघताना उरलेले दिरहम बदलायला पावती लागू शकते, ती जपावी.

रेल्वे उत्तम आहे. टँजियर-कासाब्लांका अल बोराक ही आफ्रिकेतली पहिली अतिवेगवान गाडी, २०१८ची, ताशी ३२० किलोमीटरपर्यंत धावते. शहरातली छोटी टॅक्सी तीनच माणसं घेते, बसताना मीटर टाकायला सांगावं. गावोगाव जाणारी मोठी टॅक्सी म्हणजे आपली वडाप: सहा माणसं भरली की सुटते.

 

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. २०२२ पासून सरकारी संकेतस्थळावर ई-व्हिसाची सोय आहे. आपण त्यात बसतो का, हे तिथेच पाहावं. टँजियरहून स्पेन अवघा तासभर बोटीने, म्हणून कित्येकांना ‘जाऊन येऊ’ असं वाटतं. त्याला शेंगेन व्हिसा हवा, आणि मोरोक्कोचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत येता येत नाही. सेउता आणि मेलिया ही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची शहरंही स्पेनचीच, तिथेही हाच नियम.

घड्याळाचं शेवटचं. एरवी मोरोक्को आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो. रमजानमध्ये तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेपाच तासांचा होतो. त्या महिन्यात परतीचं विमान असेल, तर आदल्या रात्री मोबाइलमधली वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहा.