प्रोजेक्टर घेण्याआधी वर्ग मोजा

पडद्यावर चित्रे पाडून गोष्ट सांगणे ठाणे जिल्ह्याला नवे नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या झोताने पडद्यावर मोठी होत. या खेळाला अंधार लागे. आपल्याला मात्र प्रोजेक्टर हवा असतो भर दुपारी, खिडक्यांच्या वर्गात. सगळी अडचण इथेच आहे.

शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी प्रोजेक्टर आणि संगणक वर्गात आणले. पुढे राज्यभर अनेक शाळा लोकवर्गणीतून ‘डिजिटल’ झाल्या. वर्गणीत मजुरी करणाऱ्या पालकांचेही पैसे असतात. म्हणून निवड चुकता कामा नये.

आधी एक प्रश्न. पडद्यावरचा काळा रंग कुठून येतो? प्रोजेक्टर फक्त उजेड टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे प्रोजेक्टरचा उजेड जवळजवळ न पडलेली भिंत. ती भिंत खिडकीतल्या उजेडाने उजळली असेल, तर चित्रातला ‘काळा’ही तेवढाच उजळ दिसणार.

हे आकड्यांत पाहू. प्रोजेक्टरमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्यूमेनमध्ये मोजतात. एक ल्यूमेन प्रकाश एक चौरस मीटरवर पसरला की एक लक्स. समजा, आपला प्रोजेक्टर 3000 ल्यूमेनचा आहे आणि चित्र 2 मीटर रुंद, 1.25 मीटर उंच आहे. क्षेत्रफळ झाले 2.5 चौरस मीटर. म्हणजे पडद्यावर 1200 लक्स. खिडक्यांमधून त्याच भिंतीवर 300 लक्स येत असतील, तर पांढरा भाग 1500 आणि काळा 300. गुणोत्तर अवघे 5.

आता दोन उपाय करून पाहू. पहिला, दुप्पट म्हणजे 6000 ल्यूमेनचा महाग प्रोजेक्टर आणला. पांढरा 2700, काळा 300. गुणोत्तर 9. दुसरा, प्रोजेक्टर तोच ठेवून जाड कापडाच्या पडद्यांनी भिंतीवरचा उजेड 50 लक्सवर आणला. पांढरा 1250, काळा 50. गुणोत्तर 25! काही मीटर कापडाने दुप्पट ताकदीच्या यंत्राला मागे टाकले.

सगळा वर्ग अंधारा करायचीही गरज नाही. मुलांना वहीत लिहायचे असते. ज्या भिंतीवर खिडकीचा उजेड सरळ पडत नाही ती चित्रासाठी निवडा आणि तिच्या जवळच्या खिडक्या तेवढ्या झाका. चित्र लहान करणे हाही उपाय आहे. रुंदी निम्मी केली तर क्षेत्रफळ पाव होते आणि तोच प्रकाश चौपट दाट होतो.

पण किती लहान करायचे? ते शेवटच्या रांगेतल्या मुलाला विचारा. डोळे तपासताना 6 मीटरवरून वाचायच्या तक्त्यात निर्दोष नजरेची ओळ सुमारे 9 मिलिमीटर उंच अक्षरांची असते. ती वाचताना डोळ्यांची कसोटी लागते. सहज वाचायला तिप्पट, म्हणजे 3 सेंटिमीटर अक्षर हवे. शिवाय देवनागरीत अनुस्वार, उकार, वेलांट्या बारीक असतात. म्हणून सव्वा मीटर उंचीच्या चित्रात दहा-बारा ओळींपेक्षा जास्त मजकूर नको. पाठ्यपुस्तकाचे अख्खे पान एकदम दाखवण्याचा मोह टाळावा.

मग अंतर. प्रोजेक्टर भिंतीपासून किती दूर ठेवायचा, हे ‘अंतर भागिले चित्राची रुंदी’ या गुणोत्तरावरून कळते. ते 1.5 असेल, तर 2 मीटरच्या चित्रासाठी 3 मीटर अंतर लागेल. मग शिक्षक फळ्याजवळ गेले की त्यांची सावली चित्रावर पडते. गुणोत्तर 0.5 असलेले यंत्र 1 मीटरवरूनच तेवढे चित्र देते आणि सावलीचा त्रास बराच कमी होतो.

पावसाळ्यात वीज जाते, त्याचाही विचार हवा. पाऱ्याच्या वाफेचा दिवा असलेल्या प्रोजेक्टरला सुमारे 300 वॅट लागतात. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 1800 वॅट-तास ऊर्जा असते. त्यातली निम्मी वापरता आली, तरी तीन तास मिळतात. पण असा प्रोजेक्टर थेट विजेवर चालू असताना अचानक वीज गेली, तर आतला पंखा थांबतो आणि तापलेल्या दिव्याचे आयुष्य घटते. एलईडी किंवा लेसरच्या यंत्राला ही भीती कमी आणि दिवा बदलण्याचा खर्चही नाही.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ल्यूमेन ‘अन्सी’ किंवा ‘आयएसओ’ पद्धतीने मोजलेले आहेत का, हे विचारा. तेही पुरेसे नाही. दुकानदाराला यंत्र शाळेत आणायला सांगा. दुपारी बारा वाजता, आपल्याच भिंतीवर, आपल्याच पुस्तकातला उतारा दाखवा आणि मागच्या रांगेतल्या मुलीला तो मोठ्याने वाचायला सांगा.

ती अडखळली तर पैसे देऊ नका. आधी पडदे लावून, मग चित्र लहान करून पुन्हा पाहा. वर्गात वीसच मुले असतील आणि खोली झाकताच येत नसेल, तर कदाचित मोठा टीव्हीच बरा. त्याचा पडदा मुळातच काळपट असतो. बाहेरच्या उजेडात भिंत उजळते, तितका तो उजळत नाही.