कार्ब्युरेटरखालचा बोल्ट

जुन्या जीपवर लिहा, पण रॅलीत मिरवणाऱ्या गाड्यांवर नको. घरच्या घरी इंजिन बांधणारं कुणी असेल तर गाठा, अशी संपादकांची सूचना होती. त्या शोधात कोल्हापुरातल्या एका निवृत्त शिल्पनिदेशकांच्या घरी पोचलो. आयटीआयमध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षं पोरांना हत्यार धरायला शिकवलं. गल्लीत सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांच्या वेळची सीजे-३बी जीप बॉनेट काढून उभी होती आणि तिचं पेट्रोल इंजिन चेनपुलीनं उतरवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं होतं. शेजारच्या फळीवर डबेच डबे. प्रत्येकावर खडूनं लिहिलेलं: ‘मेन कॅप १’, ‘मेन कॅप २’, ‘रॉकर’, ‘पंप’.

या इंजिनाचा इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतल्या विलिस कंपनीच्या जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनाची ताकद डेल्मर ‘बार्नी’ रूस या अभियंत्यानं ४८ अश्वशक्तीवरून ६० पर्यंत वाढवली. ‘गो-डेव्हिल’ नावानं तेच इंजिन दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये बसलं. १९५० साली त्यात बदल होऊन ‘हरिकेन’ आलं. ते आधीच्यापेक्षा उंच असल्यामुळे सीजे-३बीचं बॉनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत ही जीप १९५३ ते १९६८ या काळात निघाली. आपल्याकडे १९४५ साली सुरू झालेली ‘महिंद्रा अँड महंमद’ ही कंपनी फाळणीनंतर, १९४८ साली, ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. तिनं मुंबईत माझगावला विलिसच्या जीप जुळवायला घेतल्या आणि पुढे तीच जीप इथे कितीतरी वर्षं बनत राहिली. शेत, वनखातं, पोलीस, धरणाची कामं, सगळीकडे ती होती.

माझं मन मात्र रमलं ते हरिकेनच्या रचनेत. साध्या इंजिनात आत घेणारे आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह एकाच जागी असतात. हरिकेनमध्ये त्यांची घरं वेगळी आहेत. हवा-पेट्रोल आत घेणारे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, पुशरॉड आणि रॉकरनं उघडणारे. धूर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी. सिलिंडरचा व्यास ७९.४ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १११.१. धाव लांब असल्यामुळे हे इंजिन कमी फेऱ्यांवरही ओढतं. चिखलात रुतलेली जीप ॲक्सिलरेटर न दाबता हळूहळू बाहेर येते, ती यामुळे.

हेड उतरवतानाच या इंजिनाशी खरी ओळख होते. बाहेरून दिसणारे सगळे बोल्ट काढले तरी हेड हलत नाही. अनोळखी मिस्त्री पहार लावतो आणि हेडची बैठक खराब करून बसतो. कारण एक बोल्ट कार्ब्युरेटरखाली, हवा आत जाण्याच्या तोंडात आहे. कार्ब्युरेटर उतरवल्याशिवाय तो दिसतही नाही. सरांनी बॅटरी धरून मला तो दाखवला. ‘परीक्षेला मी हाच प्रश्न घालायचो,’ ते म्हणाले. ‘बोल्ट किती ते मोजा, मग पाना धरा.’ हेड परत बसवल्यावर मधल्या बोल्टापासून बाहेरच्या बाजूला सरकत, थोडं थोडं करत, टॉर्क रेंचनं ६० ते ७० फूट-पाउंडांपर्यंत आवळायचं. इंजिन तापून गार झालं की पुन्हा एकदा. म्हणजे त्या एका बोल्टासाठी कार्ब्युरेटर पुन्हा उतरवायचा. सर तो उतरवतात.

घरी काय करायचं आणि काय करायचं नाही, याची रेघ त्यांनी स्वच्छ आखली आहे. उघडणं, धुणं, मापणं, व्हॉल्व्ह घासणं आणि जुळवणी घरी. सिलिंडर बोअर करणं आणि क्रँक ग्राइंड करणं शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये. वर्कशॉपला ब्लॉक पाठवण्याआधी ते स्वतः प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा असा मापतात आणि आकडे वहीत लिहितात. क्रँकला दहा थाऊ ग्राइंड मारला की बेअरिंगचे शेलही दहा थाऊचेच हवेत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्याचा एक केस साधारण तीन थाऊ भरतो. बेअरिंगमधली तेलाची जागा त्याहूनही कमी असते आणि सगळं इंजिन त्या फटीतल्या तेलावर फिरतं.

व्हॉल्व्ह घासण्याचं काम मी जवळ बसून पाहिलं. आधी व्हॉल्व्हच्या खणातली तेल उतरण्याची भोकं त्यांनी चिंध्यांनी बंद केली, कारण स्प्रिंगची छोटी लॉक तिथून निसटली तर थेट खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये जातात. मग सीटला पेस्ट लावून रबरी चोखणीच्या दांडीनं व्हॉल्व्ह तळहातांमध्ये फिरवायचा, उचलायचा, जागा बदलून पुन्हा फिरवायचा. पुसल्यावर कडेला अखंड राखाडी पट्टी दिसली पाहिजे. तेवढ्यानं त्यांचं समाधान होत नाही. व्हॉल्व्हवर पेन्सिलीच्या रेघा मारून तो सीटवर जरासा फिरवायचा. एकही रेघ पुसायची राहिली, तर तिथे व्हॉल्व्ह बसत नाही. चौथ्या सिलिंडरची एक रेघ शिल्लक राहिली. सरांनी पुन्हा पेस्ट घेतली.

ऑइल पंप बसवतानाही असाच पेच आहे. डिस्ट्रिब्युटर त्या पंपाच्या दांड्यावर फिरतो. पंप एक दाता चुकला तर स्पार्कची वेळ चुकते आणि १-३-४-२ हा क्रम बरोबर असूनही इंजिन नीट चालत नाही. शेवटी टॅपेटची फट: इंजिन गार असताना इनलेटला १८ थाऊ, एक्झॉस्टला १६. एक्झॉस्टचे टॅपेट ब्लॉकच्या कुशीत मॅनिफोल्डखाली दडलेले. तिथे हात जेमतेम पोचतो.

आता अडचणी. पहिली ब्लॉकची. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट आणि सिलिंडर यांच्यामध्ये लोखंडाची भिंत अरुंद आहे. इंजिन वारंवार तापलं की तिथे चीर पडते. ती डोळ्यांना दिसेलच असं नाही, म्हणून बोअरिंगवर पैसे घालण्याआधी ब्लॉक तपासून घ्यावा लागतो. दुसरी अडचण सुट्या भागांची. खोक्यावर एक माप आणि आत दुसरंच, असे पिस्टन-रिंगचे संच बाजारात येतात. सर प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये घालतात, उलट्या पिस्टननं सरळ ढकलतात आणि तिच्या तोंडातली फट फिलर गेजनं पाहतात. जमली नाही तर संच परत.

तिसरी अडचण पेट्रोलची. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या जिल्ह्यातल्या ऊस उत्पादकाला त्याचा आधार आहे, ते मोलाचं आहे. पण जुन्या गाडीच्या पेट्रोल पंपाचे रबरी पडदे आणि नळ्या त्यासाठी केलेल्या नाहीत. त्या फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. नळ्या आणि पडदे इथेनॉलला टिकणारे घालणं, गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीनं उभी न ठेवणं, हाच उपाय.

चौथी अडचण मला सगळ्यांत मोठी वाटते. क्रँक ग्राइंडिंगच्या मशीनवर बसणारे कारागीर म्हातारे होत आहेत. नव्या गाड्यांना हे काम फारसं लागत नाही, म्हणून नवीन पोरं तिकडे वळत नाहीत. सरांच्या हाताखाली शिकलेले काही जण आजही हे काम करतात, त्यांच्यानंतर कोण, याचं उत्तर सरांकडेही नाही.

कित्येक पेट्रोल जीपमधून मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलं गेलं. खर्चाचा विचार करता त्या काळात ते बरोबरच होतं. पण २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची, तर ती मूळ रूपात असावी लागते. त्यात इंजिनही आलं. म्हणून दारात अशी जीप असलेल्यांना एवढंच सांगणं: मूळ इंजिन भंगारात घालू नका. आरसी बुकावरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबरशी ताडून पाहा, ब्लॉकला चीर आहे का ते तपासून घ्या, आणि मापं घेणारा माणूस तुमच्या गावात अजून असेल तर यंदाच त्याच्याकडे जा. सोबत घरातलं एखादं पोरगं न्या, आणि मायक्रोमीटर त्याच्या हातात द्या.